मारका बैल आणि त्याचा मालक



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. दोन तारखेला दफनभूमीत जाऊन कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, आपल्या माणसांसाठी मिस्सा अर्पण करतो. त्या कबरींमधून फिरताना काही दगडांवरच्या तारखा आपल्याला थांबवतात. जन्म आणि मृत्यू यांच्यात अठरा, बावीस, पंचवीस वर्षांचेच अंतर असते. असा दगड दिसला की आपण फारसे विचारत नाही. बहुतेकांना ठाऊक असते : आजार नव्हता, रस्ता होता.

याच महिन्याचा तिसरा रविवार रस्ते-अपघातांत बळी पडलेल्यांच्या स्मरणासाठी पाळावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २००५ साली केला. त्या निमित्ताने आज आपण रस्त्याविषयी विचार करू या. विषय वाहतूक पोलिसांचा वाटेल. पण तो देवाच्या आज्ञेचाही आहे.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती आणि ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे दर तीन मृतांमागे जवळजवळ दोघे जण एक तर दुचाकीवर होते, नाही तर आपल्या दोन पायांवर. पायी चालणाऱ्या सगळ्यांना मोटारसायकलींनीच उडवले असे नाही. त्यात ट्रक, बस, मोटारी साऱ्यांचा वाटा आहे. पण आपल्या गावातल्या अरुंद रस्त्यांवर सर्वांत जास्त भीती कुणाची वाटते, हे कुठल्याही आजीला विचारा. ती ट्रकचे नाव घेणार नाही.

आपल्या वसईचे जुने रस्ते बैलगाडीच्या आणि माणसांच्या चालीने झाले आहेत. दोन्ही बाजूंना वाड्या, कुंपणाच्या भिंती, मध्येच एखादे अंधारे वळण, वळणावर क्रूस. बहुतेक ठिकाणी पदपथ नाही. त्याच रस्त्यावरून पहाटे फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन स्त्रिया स्टेशनकडे निघतात, मुले शाळेत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात, वृद्ध माणसे मिस्साला येतात. त्याच रस्त्यावरून एखादा तरुण ऐंशीच्या वेगाने, सायलेन्सरचे फटाके वाजवत, समोरच्याला कट मारून जातो. त्याच्या दृष्टीने ती पाच सेकंदांची गंमत असते. ज्याच्या कोपराला घासून तो गेला, त्याचे हातपाय मात्र घरी पोहोचेपर्यंत थरथरत असतात.

पवित्र शास्त्रात मोटारसायकल नाही. पण बैल आहे. निर्गमच्या पुस्तकात (२१:२८-३०) परमेश्वर मोशेकरवी लोकांना एक कायदा देतो. आपण शेतकऱ्यांची लेकरे असल्यामुळे तो आपल्याला लगेच समजेल. एखाद्याच्या बैलाने अचानक कुणाला शिंग मारले आणि तो माणूस मेला, तर बैलाला मारावे, मालक मात्र निर्दोष ठरतो. पण तो बैल आधीपासूनच मारका असेल, लोकांनी मालकाला तसे बजावले असेल आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर गुन्हा मालकाचाही आहे, आणि त्याची किंमत त्याच्या स्वतःच्या जिवाची आहे.

हा कायदा किती बारकाईने केलेला आहे, ते पाहा. अनपेक्षित दुर्घटना आणि माहीत असलेला धोका यांत परमेश्वर फरक करतो. जे कुणालाच ठाऊक नव्हते, त्याचा जाब तो मालकाला विचारत नाही. जे ठाऊक होते, त्याचा विचारतो. ‘माझा तसा हेतू नव्हता’ एवढे म्हणून मालक सुटत नाही. बैल सोडताना त्याला कुणाला मारायचे नव्हते, हे खरेच. पण बैल मारका आहे हे त्याला माहीत होते.

आता आपण स्वतःला विचारू या : आपल्या अंगणातला बैल मारका आहे, हे आपल्याला आजवर कुणी सांगितलेच नाही का? शेजाऱ्यांनी सांगितले होते, ‘मुलगा फार जोरात चालवतो हो.’ काकांनी सांगितले होते. एकदा गुडघा फुटला, एकदा आरसा तुटला, एकदा पोलिसांनी दंड केला. या सगळ्या सूचनाच होत्या. त्यानंतर जे घडते, त्याला ‘अपघात’ म्हणताना आपली जीभ थोडी अडखळली पाहिजे.

अनुवादाच्या पुस्तकात (२२:८) आणखी एक नियम आहे. नवे घर बांधाल तेव्हा गच्चीला कठडा बांधा. नाही तर कुणी वरून पडले, तर त्याच्या रक्ताचा दोष तुमच्या घरावर येईल. म्हणजे आपल्या वस्तूपासून दुसऱ्याला इजा होऊ नये, याची काळजी आधीच घेणे हा धर्माचाच भाग आहे. ब्रेक, हेल्मेट, दिवा, परवाना, वेगमर्यादा हे सारे त्या गच्चीचे कठडे आहेत. कठडा काढून टाकला म्हणजे घर अधिक सुंदर दिसते, असे म्हणणाऱ्या माणसाला आपण शहाणा म्हणणार नाही.

ख्रिस्तसभेने ही शिकवण आजच्या रस्त्यावर आणून ठेवली आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२९०), पाचव्या आज्ञेच्या विवेचनात, स्पष्ट सांगितले आहे की दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी जो स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालतो, तो गंभीर दोषाचा धनी होतो. इथे अपघात झालाच पाहिजे, अशी अट घातलेली नाही. धोक्यात घालणे हाच दोष आहे. २००७ साली व्हॅटिकनच्या स्थलांतरित आणि प्रवासी लोकांसाठी असलेल्या परिषदेने रस्त्याविषयी मार्गदर्शन करणारे एक पत्रक काढले. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञाही दिल्या आहेत. वाहन हे सत्ता गाजवण्याचे साधन करू नका, रस्त्यावर जो अधिक दुर्बळ आहे त्याला जपा, असे त्या आज्ञांमध्ये सांगितले आहे.

अधिक दुर्बळ कोण? पायी चालणारा सायकलवाल्यापेक्षा दुर्बळ, सायकलवाला मोटारसायकलवाल्यापेक्षा दुर्बळ. ट्रकसमोर मोटारसायकलवाला दुर्बळ असतो आणि ट्रकवाल्याने आपल्याला सांभाळून घ्यावे असे त्याला वाटते. ते योग्यच आहे. मग तीच अपेक्षा घेऊन काठी टेकत चाललेले आजोबा त्याच्यासमोर आले, तर त्याने काय करावे, हे वेगळे सांगण्याची गरज आहे का? लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा प्रभू येशूचा नियम रस्त्यावर इतका सोपा आहे.

आणखी एका गोष्टीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. अपघात होत नाही, तेव्हासुद्धा बेदरकार गाडी चालवणारा दुसऱ्याचे काही तरी हिरावून घेत असतो. ज्या आजी चाळीस वर्षे रोज सकाळी चालत मिस्साला येत होत्या, त्या एके दिवशी येणे बंद करतात. विचारले तर म्हणतात, ‘पाय चालतात रे बाळा, पण रस्त्याची भीती वाटते.’ सायकलवरून धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाणाऱ्या मुलीला आई म्हणते, ‘नको, एकटी जाऊ नकोस.’ रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर फाटका सायलेन्सर गरजतो, तेव्हा तान्हे मूल दचकून उठते आणि ज्या आजाऱ्याला नुकतीच झोप लागली होती, तो उरलेली रात्र छताकडे पाहत काढतो. यांतल्या कुणाच्याही अंगावर ओरखडा नाही. कुठल्याही अहवालात यांची नोंद होत नाही. पण रस्ता सगळ्यांचा होता, रात्र सगळ्यांची होती. ती एकाने स्वतःच्या मौजेसाठी घेतली. दुसऱ्याचे घेणे सातव्या आज्ञेत बसते, हे आपण लहानपणीच शिकलो आहोत.

तरुण मित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. तुमची गाडी आम्हांला डोळ्यांत खुपते असे समजू नका. आईला दवाखान्यात नेणारे तुम्ही, पहाटे बहिणीला स्टेशनवर सोडणारे तुम्ही, रक्त हवे आहे म्हटल्यावर पाऊण तासात हजर होणारेही तुम्हीच. त्या गाडीने कितीतरी सत्कर्मे होतात. म्हणूनच तिचे बळ तुम्हांला नीट ठाऊक असावे.

ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे अकरा मीटर पुढे जाते. ऐंशीच्या वेगाने बावीस मीटर. समोर मूल आले हे डोळ्यांनी पाहून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एक सेकंद जातो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. धडकेचा जोरही चौपट होतो. तुमचे हात कितीही तरबेज असोत, हे गणित त्यांचे ऐकत नाही. वाडीच्या फाटकातून चेंडूमागे धावत येणाऱ्या मुलाला तर ते मुळीच माहीत नसते.

अनेकांच्या गळ्यात रोझरी असते, गाडीवर क्रूसाचे चित्र असते. नवी गाडी घेतली की तुम्ही ती चर्चसमोर आणता, फादरांकडून आशीर्वाद घेता. ही चांगली प्रथा आहे. पण सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेले होते, ते आठवा (मत्तय ४:५-७). खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे तो म्हणाला; आणि तसे म्हणताना त्याने शास्त्राचाच आधार दिला. प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, एवढेच त्याने उत्तर दिले. रोझरी गळ्यात घालून उलट दिशेने गाडी घालणे म्हणजे त्या शिखरावरून उडी टाकणे आहे. पवित्र पाणी गाडीवर शिंपडले, म्हणून गाडीचा वेग कमी होत नाही. तो हात कमी करतो. आणि त्या हातावर देवाची कृपा मागण्यासाठीच तो आशीर्वाद असतो.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (९:२०) येहू नावाचा एक सेनापती आहे. बुरुजावरचा पहारेकरी दूरवरून धुरळा पाहतो आणि रथ हाकण्याच्या बेभानपणावरूनच ओळखतो की हा येहूच असला पाहिजे. आपल्या गावातही आवाजावरून लोक ओळखतात, अमक्याचा मुलगा आला. तुमच्या नावामागून लोकांच्या तोंडी कोणता शब्द यावा, हे तुम्हीच ठरवा. ज्याला पाहून आई आपले मूल मागे ओढते, त्याला कुणी शूर म्हणत नाही. शाळेसमोर वेग कमी करणारा, मित्राने प्यायली आहे हे पाहून त्याची किल्ली काढून घेणारा आणि त्याच्या शिव्या ऐकून घेणारा मुलगा खरा धीट. त्याला मित्रांमध्ये हसू करून घ्यावे लागते. आणि वीस वर्षांच्या वयात ते सोसणे रेस लावण्यापेक्षा कठीण असते, हे आम्ही जाणतो.

पालकहो, नाताळ जवळ आला आहे. ‘सगळ्या मित्रांकडे आहे’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येत असेल. अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना मिळत नाही, हे आपल्याला माहीत आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. त्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर त्याचे पालक किंवा गाडीचा मालक यांनाही दोषी धरले जाते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. वाचताना मोशेच्या कायद्यातला मारका बैल आठवला ना? तीन हजार वर्षांनंतर आपल्या देशाच्या कायद्यानेही तोच प्रश्न विचारला आहे : तुला ठाऊक होते, मग बांधले का नाहीस?

पण शिक्षेच्या भीतीने किल्ली लपवून ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. मुलगा घरात रुसेल, जेवणार नाही, दोन दिवस बोलणार नाही. ते दोन दिवस सोसा. ‘नाही’ म्हणण्यातही प्रेम असते. बाप स्वतः हेल्मेट न घालता, ट्रिपल सीट, मोबाइल कानाला लावून जात असेल, तर मात्र त्याच्या ‘नाही’ला वजन उरत नाही. मुले आपले ऐकतात त्यापेक्षा आपल्याकडे जास्त पाहतात.

आता एक अवघड गोष्ट. समजा, जे घडू नये ते घडलेच. तेव्हा आपल्या धर्मग्रामात एकाच वेळी दोन घरे अंधारात जातात. एका घरातून शवपेटी निघते. दुसऱ्या घरात एक तरुण मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो आणि त्याची आई शेजाऱ्यांच्या नजरा चुकवत नळावर जाते. पहिल्या घरी सगळे जातात. दुसऱ्या घरी कुणी जात नाही. व्हॅटिकनच्या त्या दहा आज्ञांत एक आज्ञा याविषयीच आहे : अपराधी चालक आणि अपघातग्रस्त यांना योग्य वेळी एकत्र आणावे, म्हणजे क्षमेने दोघेही मोकळे होतील. ‘योग्य वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्या आईचे मूल गेले, तिच्याकडे तिसऱ्या दिवशी क्षमा मागायला जाऊ नये. तिच्या अश्रूंना घाई करू नये. आणि ज्याच्या हातून घडले, त्याने फक्त ‘सॉरी’ म्हणून मोकळे होऊ नये. जक्कयाने प्रभूसमोर नुसता पश्चात्ताप व्यक्त केला नाही, चौपट परत करण्याची तयारी दाखवली (लूक १९:८). गेलेला जीव कुणालाच परत करता येत नाही. पण पोलिसांपुढे खरे सांगणे, साक्ष न फिरवणे, त्या कुटुंबाच्या औषधपाण्याचा, मुलांच्या शिक्षणाचा भार उचलणे, हे आपल्या हातात असते. प्रायश्चित्त संस्कारात देव क्षमा करतो, आणि भरपाईची ही वाट चालण्याचे बळही देतो.

अपघात घडल्यावर पळून जाणे हे तर दुहेरी पाप आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कायद्यानेच कर्तव्य आहे. आपण बघ्यांपैकी असू, तर यरीहोच्या वाटेवरचे ते दोघे आठवावे, जे जखमी माणसाला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले (लूक १०:३१-३२). पूर्वी लोक म्हणत, ‘पोलिसांचा ससेमिरा नको.’ आता ती सबब उरलेली नाही. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ च्या सुधारणेने ते संरक्षण कायद्यातच आले. कायद्याने अशा माणसाला नाव कोणते दिले आहे, ठाऊक आहे? ‘गुड समॅरिटन’, म्हणजे आपला दयाळू शोमरोनी. प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातला तो प्रवासी आज भारताच्या कायद्यात उभा आहे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही पाठ असू द्या.

बंधू-भगिनींनो, या आठवड्यात आपण चार लहान गोष्टी करू या. घरातल्या गाडीचा ब्रेक, दिवा आणि सायलेन्सर तपासून घेऊ. हेल्मेट खुंटीवरून काढून डोक्यावर घेऊ, त्याचा पट्टाही बांधू. चर्च, शाळा आणि दवाखाना यांच्यासमोर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देऊ. आणि आपल्या वाडीतल्या ज्या घराने रस्त्यावर माणूस गमावले आहे, त्या घरी जाऊन पाच मिनिटे बसू. फार बोलायची गरज नाही; त्यांच्या माणसाचे नाव घेतले तरी पुरे.

प्रवाशांचा आश्रयदाता म्हणून आपण संत क्रिस्तोफरला मानतो. परंपरा सांगते की तो प्रवाशांना खांद्यावर घेऊन नदीपार करीत असे. एका रात्री त्याने एका बालकाला उचलले. पाण्यात एकेक पाऊल टाकताना ओझे वाढतच गेले आणि पलीकडे पोहोचल्यावर त्याला कळले की आपण प्रत्यक्ष ख्रिस्ताला वाहून आणले. काठीने तळ चाचपत, जपून तो चालला. म्हणून ते बालक सुखरूप पोहोचले. आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर कोण बसले आहे आणि समोरून रस्ता ओलांडून कोण येत आहे, हे आपल्यालाही नेमके ठाऊक नसते. तो ख्रिस्तच आहे असे समजून हँडल धरू या.

आपण प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू गावोगावी पायी चाललास. रस्त्यावर ज्यांचे प्राण गेले, त्या सर्वांना तुझ्या शांतीत विसावा दे. त्यांच्या घरच्यांचे अश्रू पूस. ज्यांच्या हातून कुणाचा जीव गेला, त्यांना सत्य बोलण्याचे धैर्य आणि तुझी क्षमा दे. आमच्या तरुणांच्या हातांना बळ दे आणि त्याच हातांना आवरही दे. आज संध्याकाळी जे जे घराबाहेर आहेत, त्या प्रत्येकाची वाट पाहणाऱ्या आईच्या दारात त्याला सुखरूप आण. आमेन.